बंदच्या आदेशातच भरपाईचं कलम हवं

नगर जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांतून व्यापारी, कारागीर आणि कर सल्लागार आज या परिषदेला आले आहेत. वर्षभराचा आढावा छापील अहवालात आहे. जीएसटी, पतसंस्था, ऑनलाइन विक्री या विषयांवर सकाळपासून भरपूर बोलून झालं. आजच्या अध्यक्षाला एकच गोष्ट मांडायची आहे. ती 2021 पासून मनात आहे आणि आता ती बोललीच पाहिजे.

4 ऑक्टोबर 2021. राज्यात शाळांची दारं उघडली आणि त्याच दिवशी या जिल्ह्यातली 61 गावं बंद झाली. कोरोनाचे दहापेक्षा जास्त रुग्ण असलेल्या गावांत 13 ऑक्टोबरपर्यंत टाळेबंदी, असा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश होता. सर्वांत जास्त गावं संगमनेर तालुक्यातली. मध्येच 7 तारखेला, घटस्थापनेला, राज्यातली मंदिरं खुली झाली, शिर्डीत दर्शनाच्या रांगा लागल्या. गावं बंद करणं चूक होतं असं इथे कुणी म्हणत नाही. त्याच वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजनसाठी वणवण केलेला हा जिल्हा आहे. पण त्या दोन वर्षांतले आदेश काढून पाहा. काय बंद, किती वाजेपर्यंत बंद, मोडलं तर कोणतं कलम, सगळं सापडेल. ज्याचं दुकान बंद केलं त्याचं नुकसान कोण सोसणार, हे मात्र सापडणार नाही.

त्या 61 पैकी एका गावातला सलूनवाला या अध्यक्षाचा जुना अशील. त्याची रोजच्या गल्ल्याची लाल वही अजून कार्यालयात आहे. मार्च 2020 नंतर जमेची बाजू कोरी. खर्चाच्या बाजूला गाळ्याचं भाडं, वीजबिल, उधारीवरचा किराणा. 28 जूनला सलून उघडली, तीही केस कापण्यापुरती. दाढीला मनाई होती. एप्रिल 2021 मध्ये पुन्हा शटर खाली, आणि ऑक्टोबरात तिसऱ्यांदा. बायकोच्या जनधन खात्यात तीन महिने पाचशे-पाचशे रुपये आले, रेशनवर धान्य मिळालं. त्याबद्दल तो कृतज्ञ आहे. धंद्यासाठी मात्र दमडी मिळाली नाही.

नोंदणी नसेल तर मदत कशी मिळणार, असा मुद्दा सकाळी काही सहकाऱ्यांनी हिरिरीनं मांडला. या माणसाची उद्यम नोंदणी अध्यक्षाच्याच कार्यालयातून झाली होती. कागद होता, पण यादीत त्याचा व्यवसाय नव्हता. राज्य सरकारनं एप्रिल 2021 मध्ये 5,476 कोटींची मदत जाहीर केली. त्यात पंधराशे रुपये नोंदणीकृत फेरीवाल्यांना, परवानाधारक रिक्षाचालकांना, बांधकाम मजुरांना आणि घरेलू कामगारांना होते. न्हावी त्यात बसला नाही. केंद्राची दहा हजारांची स्वनिधी योजना शहरी पथविक्रेत्यांची; हा गावात गाळा घेऊन बसलेला. राहिली 3 लाख कोटींची विनातारण कर्जहमी. ती 29 फेब्रुवारी 2020 रोजी येणं असलेल्या कर्जाच्या 20 टक्के. यानं जन्मात कर्ज काढलं नव्हतं. बिनकर्जी राहिला म्हणून तो मदतीबाहेर राहिला! वर्षानुवर्षं ज्यांना आपण अंथरूण पाहून पाय पसरायला शिकवलं, त्यांना काय तोंड दाखवायचं?

दुसरा वाद कर्जाच्या हप्त्यांना मिळालेल्या सवलतीचा. सहा महिने हप्ते थांबले ही मोठीच मदत होती, असं एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. त्यांना शिर्डीच्या एका लॉजमालकाचा खातेउतारा दाखवायला हवा. सवलत 31 ऑगस्ट 2020 ला संपली. साईमंदिर 17 मार्चला बंद झालं ते उघडलं 16 नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला. म्हणजे हप्ते सप्टेंबरपासून आणि गिऱ्हाईक नोव्हेंबरपासून. सवलतीच्या महिन्यांचं व्याज कर्जात मिळवलेलं. दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर नंतर सुटलं ते फक्त व्याजावरचं व्याज. याला मदत म्हणणारा कधी बँकेच्या काउंटरपुढे कर्जदार म्हणून उभा राहिलेला नसावा.

भरपाईची मागणी कुठल्या परदेशी पुस्तकातून आलेली नाही. ब्रिटन सरकारनं बंद काळात 80 टक्के पगार, महिना अडीच हजार पौंडांपर्यंत, स्वतः भरला. पण तिकडे जायची गरजच नाही. मुंबईच्या प्लेगच्या वेळी केलेला 1897 चा साथरोग कायदा उघडा. निर्बंधांचा खर्च कुणी आणि कसा सोसायचा हे ठरवण्याचा अधिकार कलम 2 मध्येच आहे, आणि त्या खर्चात नुकसानभरपाईही धरलेली आहे. इंग्रजांच्या कायद्यात जी सोय आहे ती आपण वापरली नाही. 1972 च्या दुष्काळात होरपळलेल्या महाराष्ट्रानं 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. दुष्काळात कामाचा हक्क कायद्यानं मिळतो. साथीत सरकारनंच बंद केलेल्या दुकानदाराला कसलाच हक्क नाही.

आणि साथ सरली म्हणून निर्बंध सरतात असंही नाही. शिर्डीत दर्शन सुरू झाल्यावरही मंदिरात हार-फुलं नेण्याची बंदी राहिली. 2022 मध्ये आंदोलन झालं. उच्च न्यायालयातून वाट मोकळी व्हायला 2024 चा नोव्हेंबर उजाडला. तोवर या भागातल्या फूलउत्पादकांनी आणि विक्रेत्यांनी काय केलं असेल? काहींनी फुलांचं रान मोडून दुसरं पीक घेतलं. त्यांच्या तोट्याचा हिशेब आजवर कुणी विचारलेला नाही.

तेव्हा या परिषदेनं एक मसुदा तयार करावा: बंदचा आदेश आणि भरपाईचं कलम एकाच कागदावर, एकाच सहीनं. दर काय, मुदत किती, पैसा राज्याचा की केंद्राचा, हे नव्या कार्यकारिणीनं जाणकारांशी बोलून ठरवावं. पुढची साथ आल्यावर मसुदा लिहायला वेळ मिळत नसतो.

त्यासाठी पुरावा लागेल, आणि तो तुमच्या माळ्यावर पडला आहे. 2020 आणि 2021 च्या वह्या, भाडेपावत्या, वीजबिलं रद्दीत घालू नका. त्यांच्या झेरॉक्स काढा आणि दिवाळीपूर्वी आपापल्या तालुका शाखेत आणून द्या.