वेदनाशमन आणि रेफरची वाट

मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमॅडॉल ही अफूवर्गीय औषधे वेदना शमवतात आणि त्याच वेळी श्वासही मंदावतात. श्वास मंदावतो त्या वेळी रुग्णाजवळ जाणते कोणी नसेल, तर धोका प्राणावर बेततो. कसारा घाटालगतच्या उंबरमाळीसारख्या गावात हा प्रश्न रस्त्याशी जोडलेला आहे. मुंबई–नाशिक महामार्गावर मांडीचे हाड मोडलेला माणूस शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात पोचला, तरी त्याला पुढे ठाण्याला रेफर करावे लागू शकते. इंजेक्शनचा अंमल मग धावत्या रुग्णवाहिकेत चढतो.

म्हणून वेदना तशीच सोसायला लावणे हा उपाय नव्हे. ते क्रौर्य आहे. आधी हाडाला फळी बांधावी, पॅरासिटामॉल द्यावे, शक्य तिथे नस बधिर करावी. एवढ्याने भागले नाही, तर प्रौढाला मॉर्फिन शिरेतून 2 ते 3 मिलिग्रॅमच्या हप्त्यांनी, दर वेळी पाचेक मिनिटे थांबून द्यावे. वृद्ध, कृश किंवा मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णाला याहून कमी.

कंबरेत एकदम सुई टोचण्याची सवय मात्र सोडायलाच हवी. रक्तस्रावाने शॉकमध्ये गेलेल्या माणसाच्या स्नायूंत रक्त फारसे फिरत नाही. औषध तिथेच साचते, कळ थांबत नाही, दुसरी सुई दिली जाते. आणि सलाइनने रक्तदाब सावरला की दोन्ही मात्रा एकदम रक्तात उतरतात.

1985च्या अमली पदार्थ कायद्यात 2014 साली दुरुस्ती होऊन मॉर्फिन, फेंटानिल ही अत्यावश्यक औषधे ठरली आणि मान्यताप्राप्त संस्थांची वाट सोपी झाली. तरी छोट्या केंद्रांत हाताशी असते ते बहुधा ट्रॅमॅडॉल. ते सौम्य समजले जाते, पण फिट येणाऱ्याला आणि नैराश्यावरील काही गोळ्या घेणाऱ्याला ते घातक ठरू शकते. दारू प्यालेल्याला कोणतेही अफूवर्गीय औषध देताना दुप्पट सावध राहावे. मण्यार चावलेल्याचा श्वास आधीच लुळा पडण्याच्या बेतात असतो. तिथे ही औषधे नकोत. विंचूदंशाच्या जागी लिग्नोकेनने बधिरता आणावी. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर ताण आला, तर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रूढ केलेले प्राझोसिन आहे.

धोक्याची पहिली खूण म्हणजे वाढती गुंगी. ऑक्सिजन लावलेला असेल, तर बोटावरच्या यंत्रातला आकडा बराच वेळ चांगला दिसत राहतो. म्हणून श्वास मोजावेत. ते मिनिटाला 8च्या खाली आले, तर मास्कने श्वास द्यावा आणि नॅलोक्झोन थोडे थोडे शिरेतून द्यावे. त्याचा परिणाम अर्धा ते दीड तास टिकतो. मॉर्फिनचा त्याहून अधिक. शुद्धीवर आलेला रुग्ण पुन्हा गुंगू शकतो, म्हणून रुग्णवाहिकेतही नॅलोक्झोन आणि ते देऊ शकणारा माणूस हवा. चिठ्ठीवर औषध, मात्रा, वेळ आणि श्वासाचा दर लिहिलेला हवा, नाहीतर पुढचा डॉक्टर तीच मात्रा पुन्हा देईल.

घरी जाणाऱ्याला दोन-तीन दिवसांपुरत्याच गोळ्या द्याव्यात. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याच्या कंबरदुखीसाठी वापरू नयेत, हे घरातल्यांना समजावून सांगावे.