मीटरची किल्ली कोणाकडे?

(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



२०२४ च्या मे महिन्यात आपल्या बडोद्यात स्मार्ट मीटरवरून केवढे रान पेटले, ते आपण सर्वांनी पाहिले. रिचार्ज चार दिवसांत संपतो, बिल फुगते, अशा तक्रारी घेऊन लोक वीज कार्यालयांवर गेले आणि मीटर बसवण्याचे काम रोखावे लागले. त्या गदारोळात चर्चा झाली ती पैशांची. ती रास्तच होती. आम्हाला आज निराळाच प्रश्न मांडायचा आहे. या मीटरची किल्ली कोणाकडे असते?

जुना मीटर मुका होता. दोन महिन्यांनी माणूस यायचा, आकडा टिपायचा, घोटभर पाणी पिऊन जायचा. नवा मीटर बोलतो आणि ऐकतोही. अर्ध्या-अर्ध्या तासाचा वापर तो नोंदवतो व दूरच्या संगणकाकडे पाठवतो. तिकडून हुकूम आला की कोणी दारात न येता वीज तुटते, आणि जोडलीही जाते.

दांडियाबाजारातले, रावपुऱ्यातले जुने वाडे आठवा. दिंडीची किल्ली गड्याकडे, कोठीची आजीच्या कनवटीला, तिजोरीची कर्त्या माणसाकडे. पाणक्या आडापर्यंत यायचा, माजघरात नाही. मीटरसाठीच्या आयएस १५९५९ या भारतीय मानकात अशीच पायऱ्यांची योजना आहे. परक्याने विचारले तर मीटर आपली जुजबी ओळख सांगून गप्प बसतो. वाचणाऱ्याला आकडे वाचता येतात, बदलता येत नाहीत. सेटिंग बदलणाऱ्याची किल्ली वेगळी, मीटरमधला प्रोग्राम बदलणाऱ्याची त्याहून वेगळी. संदेश एईएस पद्धतीने कुलूपबंद असतात आणि प्रत्येकावर चढता क्रमांक असतो. कालचा ‘वीज तोडा’ हा हुकूम कोणी टिपून ठेवला आणि आज पुन्हा पाठवला, तर क्रमांक जुना म्हणून मीटर तो झिडकारतो. ज्यांनी हे योजले त्यांना आम्ही दाद देतो.

मग शंका कशाची? माणसांची! देशभर २५ कोटी मीटरांची ही योजना २०२१ साली मंजूर झाली. मीटर बसवणे आणि चालवणे हे काम बहुतेक ठिकाणी खासगी ठेकेदारांकडे, दीर्घ मुदतीच्या कराराने. त्यांच्याकडे नोकर येणार, जाणार. जाणाऱ्याची किल्ली त्याच दिवशी रद्द होते का? युक्रेनमध्ये २३ डिसेंबर २०१५ रोजी काय झाले पाहा. चोरांनी कर्मचाऱ्यांचेच पासवर्ड मिळवले, दूरवरून आत शिरले आणि ऐन थंडीत सव्वादोन लाख ग्राहकांची वीज काही तास घालवली. कुलूप फोडावे लागलेच नाही. तिथे दुसऱ्या खातरजमेची, म्हणजे आपल्या बँकेच्या ओटीपीसारखी, सोय नव्हती.

दुसरी गोष्ट घराघरातली आहे. आपल्यापैकी कितीकांची मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला आहेत. आपण दोन-दोन महिने घराला कुलूप लावून जातो. शेजाऱ्याला आपण सांगतोही, “कोणाला कळू देऊ नका.” अर्ध्या तासाचे आकडे ज्याच्या हाती, त्याला ते शेजाऱ्याआधी कळते. फ्रीज तेवढा चालू, पंखा नाही, गिझर नाही.

म्हणून नुसते “मीटर नको” म्हणत बसण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. प्रश्न विचारू या. वीज तोडण्याचा हुकूम किती जण देऊ शकतात, आणि त्याला दुसऱ्याची मंजुरी लागते का? दिलेल्या प्रत्येक हुकुमाची नोंद ग्राहकाला मागता येईल का? करार संपल्यावर ठेकेदाराकडच्या किल्ल्या बदलणार का? अर्ध्या तासाचे आकडे किती वर्षे ठेवणार? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. तेव्हा हे विचारणे आगाऊपणाचे नाही.

आणि आकड्याबद्दल शंका असेल तर गप्प बसू नका. २०२४ च्या सुधारित ग्राहक-हक्क नियमांप्रमाणे तक्रार दिल्यापासून पाच दिवसांत पडताळणीचा दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने ताळा पाहायचा असतो. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. तोंडी सांगून आलेल्यांचे काय होते, ते इथे बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे.

वरील प्रश्नांचे पत्र मराठी व गुजराती दोन्ही भाषांत तयार आहे. सभा संपल्यावर दाराशी टेबलावर सह्यांची वही ठेवली आहे. ग्राहक क्रमांक आठवत नसेल तर नुसती सही करा, क्रमांक उद्या फोनवर सांगितला तरी चालेल.