पाण्याच्या तपासणीतील अचूकता
(ग्रामस्थ, शिक्षक व ग्रामपंचायत कर्मचारी यांच्या मेळाव्यातील भाषण)



पाण्यातील फ्लोराइड डोळ्यांना दिसत नाही, जिभेला जाणवत नाही. ते कळते प्रयोगशाळेच्या अहवालातील एका आकड्यावरून. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरी सोय नसेल तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंत. त्याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मुलांचे दात डागाळतात. प्रमाण फार असल्यास सांधे आखडतात, हाडे वाकतात. म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमच्या चुकीने चांगली विहीर बंद पडेल, किंवा अपायकारक विहीर चालू राहील.

उपायही याच आकड्यावर अवलंबून असतो. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेली पद्धत तेलंगणातील नलगोंडाच्या नावाने ओळखली जाते. तीत तुरटी व चुना वापरून फ्लोराइड काढतात. तुरटीची मात्रा पाण्यातील फ्लोराइड व क्षारता पाहून ठरते. ती कमी पडली तर फ्लोराइड उरते, अधिक झाली तर पाण्यात ॲल्युमिनियम राहण्याचा धोका असतो.

म्हणूनच चांगली प्रयोगशाळा प्रथम स्वतःची परीक्षा घेते. शुद्ध पाण्याची कोरी चाचणी करून भांडी व रसायने निर्दोष असल्याची खात्री केली जाते. एकच नमुना दोनदा तपासला जातो. परंतु दोन्ही उत्तरे सारखी आली म्हणजे ती बरोबरच, असे नव्हे. तराजूच खोटा असेल, तर शंभरदा तोलूनही वजन चुकीचेच येणार. यासाठी ज्ञात प्रमाणाचे द्रावण मोजून उपकरणाची पारख करतात, आणि नमुन्यात ठरावीक फ्लोराइड मिसळून तेवढेच परत मिळते का, हे पाहतात. मेळ बसला नाही, तर अहवाल रोखून कारण शोधले जाते.

मात्र या साऱ्या दक्षतेची सुरुवात गावातच होते. फ्लोराइडच्या तपासणीसाठी प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली घ्यावी. हातपंप काही मिनिटे चालवावा, त्याच पाण्याने बाटली विसळावी आणि मगच ती भरावी. जागा, तारीख व वेळ लिहिलेली चिठ्ठी तेथेच चिकटवावी. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडून वेगळी मागून घ्यावी. बाटल्यांची अदलाबदल झाली, तर कोणतेही उपकरण ती चूक सुधारू शकत नाही.

शिक्षकांनी शाळेच्या पाण्याचे अहवाल एका वहीत क्रमाने नोंदवावेत. एखादा आकडा एकाएकी बदललेला दिसला, तर दुसरा नमुना पाठवून फेरतपासणी मागावी. असे विचारणे म्हणजे प्रयोगशाळेवरील अविश्वास नव्हे. तिच्या कामाला तो आपला हातभारच आहे.