दोन राज्यांमधले एक मूल
(मदतनीस मंडळ्यांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



“सरकारी शाळा कोणत्या राज्यात चांगल्या?” असे मंडळ्यांमध्ये मला नेहमी विचारतात. मी नवापूर तालुक्यात काम करते, गुजरातच्या सीमेला लागून. तिथून हा प्रश्न वेगळा दिसतो.

आमच्याकडची पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी सुरत जिल्ह्यात, बारडोलीच्या बाजूला जातात. उन्हाळ्यात परततात. मूल घरी मावची बोलते, गावच्या शाळेत मराठी शिकते आणि पडावाजवळच्या शाळेत गेलेच, तर तिथे फळ्यावर गुजराती. वर्षभरात तीन भाषा, आणि एकीतही धड वाचता येत नाही. दोन राज्यांच्या शाळा असून ते शाळेबाहेरच राहते.

दोन्ही सरकारांनी काहीच केले नाही, असे नाही. महाराष्ट्रात शिक्षण हमी पत्रक आहे, गुजरातेत मायग्रेशन कार्ड. मूल कितवीत आहे, हे त्यावरून पुढच्या शाळेला कळते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला, तरी प्रवेश नाकारता येत नाही. पण कागदाने वर्गाचे दार उघडते. आत बसलेल्या मुलाला बाईंचे बोलणे कळत नाही.

इथे इतर राज्यांकडून शिकावे. ओडिशाने २००६-०७ पासून आदिवासी मुलांना सुरुवातीच्या इयत्तांत त्यांच्याच भाषेतून शिकवायला सुरुवात केली; पुढे हे काम २१ भाषांपर्यंत गेले. केरळने वायनाडमध्ये ‘गोत्रबंधू’ योजनेतून आदिवासी समाजातलेच शिकलेले तरुण प्राथमिक शाळांत नेमले. तमिळनाडूने दुपारच्या जेवणाशिवाय २०२२ पासून सकाळची न्याहारीही सुरू केली. आईबाप पहाटेच फडात गेलेल्या मुलाला त्या न्याहारीचे मोल विचारा.

तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसते: मुलाने शाळेसारखे व्हावे म्हणून न थांबता शाळाच मुलाकडे चार पावले गेली.

आपण काय करावे? जी लेकरे आजीजवळ राहू शकतात, त्यांच्यासाठी गावात हंगामी वसतिगृह सुरू व्हावे, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत वेळेवर मागणी करू या. जी जाणारच आहेत, त्यांच्या हातात निघण्याआधी हमी पत्रक पडले का, हे घरोघर पाहू या. आणि मावची व गुजराती दोन्ही येणाऱ्या, बारावी झालेल्या आपल्याच मुली पडावांवर पाठवू या. यंदा निदान दोन पडावांसाठी दोघींचे मानधन उभे करायचे आहे.

हरवलेल्या एका मेंढरासाठी मेंढपाळाने तालुक्याची हद्द पाहिली नव्हती. आपणही राज्याची पाहू नये.

प्रार्थनेत या लेकरांची आठवण ठेवा.