सणाचा प्याला
(धर्मग्रामाच्या महोत्सवी वर्षांत स्त्री-संघाच्या सभेपुढें केलेलें भाषण)



ह्या सभेंत आम्हीं कोणत्या विषयावर बोलावें, असें संघाच्या भगिनींस विचारलें, तेव्हां तांबड्या द्राक्षारसांत ताजीं फळें घालून घरीं सणाचें पेय कसें करावें तें सांगा, असें उत्तर आलें. कित्येकांस हंसूं आलें. धर्मगुरूनें पाककृति सांगावी हें थोडें नवलाचेंच आहे. परंतु सणाच्या दिवशीं घरांतील प्याल्यांत काय असावें, किती असावें आणि तो कोणाच्या हातीं द्यावा, ह्या तीन गोष्टींवर त्या घराची शांति पुष्कळ वेळां अवलंबून असते. म्हणून आम्हीं हा विषय आनंदानें पत्करला.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहूं. सन 1534 च्या तहानें वसई व साष्टी पोर्तुगिजांच्या ताब्यांत गेली, आणि 1739 त वसईचा किल्ला मराठ्यांनीं घेतला. मधल्या दोन शतकांत पाद्रींबरोबर द्राक्षारस ह्या किनाऱ्यावर आला व येथेंच राहिला. आपल्या दमट हवेला द्राक्षवेल मानवत नाहीं. परंतु सुगरणीचें कांहीं अडलें नाहीं. मरोळ, चकाला, आंबोली, पोइसर अशा गांवठाणांतील ईस्ट इंडियन घरांत मनुका, जांभळें, बीट, आलें, जें हातीं येईल त्यापासून आसव तयार होऊं लागलें. चिनी मातीच्या बरणींत फळें, साखर, पाणी आणि खमीर घालून, तोंडास फडकें बांधून, ती बरणी अंधाऱ्या कोपऱ्यांत तीन आठवडे ठेवावयाची, रोज लांकडी डावानें ढवळावयाची आणि नाताळापूर्वीं रस गाळून घ्यावयाचा. आदल्या रात्रीं वाजतगाजत उंबराचें पाणी आणलें कीं लग्नघरीं जें आतिथ्य होई, त्यांत ह्या बरणीचा वांटा असे.

ह्या विद्येबद्दल आम्हांस आदर आहे. तथापि आज ती आम्ही शिकवीत नाहीं, ह्यास कारण आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम 1949 सालचा आहे. त्याचें नांव आतां महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असें झालें आहे, परंतु तो रद्द झालेला नाहीं. परवान्यावांचून मद्य आंबविणें व विकणें हा त्याअन्वयें गुन्हा आहे. नाताळाच्या सुमारास ओळखीपाळखींत बाटल्या विकणाऱ्या भगिनींनीं हें ध्यानांत धरावें. कायदा केवळ महसुलासाठीं आहे असें कोणी म्हणूं नये. सन 2015 च्या जून महिन्यांत मालाडच्या मालवणींत विषारी दारूनें शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. तें विष मेथॅनॉलचें होतें. आजीच्या बरणीचा त्याशीं कांहींएक संबंध नाहीं. परंतु प्याल्यांत काय आहे व तें कोठून आलें, हें माहीत नसतांना तो तोंडास लावणें किती महाग पडतें, हें आपल्या उपनगरानें डोळ्यांनीं पाहिलें आहे. म्हणून आज आम्ही जें सांगणार आहों, तें परवानाधारक दुकानांतून आणलेल्या द्राक्षारसाचें, स्वतःच्या घरच्या मेजासाठीं. धर्मग्रामाच्या सभागृहांत अथवा मंडपांत तें द्यावयाचें असेल, तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना आधीं काढावा.

ह्या पेयास सांग्रिया म्हणतात. हें नांव स्पेनमधील, आणि त्या भाषेंतील रक्तवाचक शब्दावरून, म्हणजे रंगावरून, तें पडलें असें सामान्यतः मानितात. स्पेन व पोर्तुगाल ह्या देशांतील उन्हाळ्याचें तें घरगुती पेय होय. युरोपीय संघाच्या 2014 च्या नियमाप्रमाणें त्या दोन देशांबाहेर तयार झालेलें पेय तेथें केवळ "सांग्रिया" ह्या नांवानें विकतां येत नाहीं, आणि त्यांत निदान अर्धा भाग द्राक्षारस असावा लागतो. आपणांस विकावयाचें नाहीं. तेव्हां नांवाचा वाद आपण सोडून देऊं आणि अर्ध्या भागाचा नियम मात्र पाळूं.

द्राक्षारस महागाचा नको. फळें व मसाला पडल्यावर उंची रसाचा सूक्ष्म स्वाद लोपतो. तो पैसा वायां जातो. नाशिक जिल्ह्यांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत द्राक्षारसाचे अनेक कारखाने उभे राहिले. तेथील शिराझ जातीच्या द्राक्षांचा साधा, कोरडा, तांबडा रस पुरे. खावयाचीं हिरवीं द्राक्षें निराळीं आणि हीं निराळीं. हीं लहान, जाड सालीचीं व बियांचीं असतात, आणि रसाचा तांबडा रंग सालींतूनच उतरतो.

आतां कृति. एका बाटलींत 750 मिलिलीटर रस असतो. त्यास दोन नागपुरी संत्रीं, एक सफरचंद, एक पेरू, अर्धी वाटी डाळिंबाचे दाणे, एक लिंबू, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि दोन मोठे चमचे साखर घ्यावी. फळें वाहत्या पाण्यांत चोळून धुवावीं. सफरचंदावर मेण असल्यास कोमट पाण्यानें काढावें. एका संत्र्याच्या सालीसकट पातळ चकत्या कराव्या, दुसऱ्याचा रस काढावा. सालींतील तेलांत सुगंध असतो, तर तिच्याखालच्या पांढऱ्या अस्तरांत कडवटपणा. म्हणून चकत्या पातळ असाव्या आणि रात्रभर मुरूं देऊं नयेत. सफरचंद व घट्ट पेरू ह्यांच्या फोडी कराव्या. पेरूच्या बिया काढून टाकाव्या. केळें व पपई घालूं नये, कारण त्यांचा लगदा होऊन पेय गढूळ होतें.

साखर प्रथम संत्र्याच्या व लिंबाच्या रसांत पूर्ण विरघळवावी. थंड द्राक्षारसांत ती तळाशीं बसून राहते. मग काचेच्या अथवा चिनी मातीच्या भांड्यांत फळें, हा रस, दालचिनी व द्राक्षारस एकत्र करून झांकण लावून चार ते सहा तास शीतकपाटांत ठेवावें. पितळेचें अथवा अॅल्युमिनियमचें भांडें वापरूं नये. आंबट रस धातूस खातो. पाहुणे बसल्यावर, आधीं नव्हे, अर्धा लिटर थंड सोडा ओतावा आणि पिण्याच्या पाण्याचा घरीं केलेला बर्फ घालावा. सोडा आधीं ओतला तर त्याचा जोर निघून जातो. परदेशांत ह्यांत ब्रँडीही ओततात. आपण ती वगळावी. त्याचें कारण पुढील हिशेबांत आहे.

तेरा टक्क्यांच्या एका बाटलींत सुमारें 97 मिलिलीटर मद्यार्क असतो. फळांचा रस पाणी धरून पाव लिटर आणि सोडा अर्धा लिटर मिळाला, म्हणजे सगळें पेय दीड लिटर होतें व त्याचें बळ साडेसहा टक्क्यांवर येतें. दीडशें मिलिलीटरचे दहा पेले भरले, तर प्रत्येकीं दहा मिलिलीटरांहून किंचित् कमी मद्यार्क येतो. तोच पेला निव्वळ द्राक्षारसाचा असता, तर दुप्पट गेला असता. एक बाटली दहा जणांस पुरली, ह्यांत कृपणपणा नाहीं. ह्या पेयाचा धर्मच वांटून घेण्याचा आहे. ब्रँडी ओतली कीं हा सारा हिशेब मोडतो.

येथें दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणें आमचें कर्तव्य आहे. पहिली अशी कीं, गोडी मद्याला लपविते. सरबत समजून तिसरा-चौथा पेला सहज जातो, आणि दाराबाहेर दुचाकी उभी असते. यजमानानें पेले मोजावे. त्यांत लाज नाहीं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पेय संपतें व तळाशीं लाल, रसरशीत फोडी उरतात. मेजाभोंवतीं मुलें घुटमळत असतात. आणि "फळच तर आहे" असें म्हणून कोणी मावशी वाटी त्यांच्या हातीं देते. त्या फोडींनीं सहा तास मद्य शोषलेलें असतें. त्या मुलांस देऊं नयेत, गरोदर स्त्रीस देऊं नयेत, आणि जो कायद्यानें वयांत आलेला नाहीं त्यासही देऊं नयेत.

आतां जें सांगावयाचें, त्यासाठींच आम्हीं हा विषय खरोखर पत्करला. प्रत्येक सणास एक बरणी न करतां दोन कराव्या. दुसऱ्या बरणींत कोकमाचें आगळ अथवा डाळिंबाचा ताजा रस घ्यावा. तींच संत्रीं, तेंच सफरचंद, तीच दालचिनी, तोच सोडा. आगळ खारट असेल तर साखर बेतानें वाढवावी. रंग तोच येतो आणि थाटही तोच राहतो. पेले एकाच जातीचे असावे. परंतु बरण्या व डाव निराळे ठेवावे व बरण्यांवर चिठ्ठ्या लावाव्या, म्हणजे अदलाबदल होणार नाहीं.

ही दुसरी बरणी कोणासाठीं? घाटकोपर-मुलुंडकडे आपले शेजारी गुजराती व जैन आहेत, अंधेरींत मुसलमान आहेत. ते नाताळास प्रेमानें येतात, पण मद्यास शिवत नाहींत. ती त्यांच्यासाठीं आहे, मुलांसाठीं आहे, औषध चालूं असलेल्या आजोबांसाठीं आहे. आणि विशेषेंकरून त्या बंधूसाठीं आहे, ज्यानें मोठ्या कष्टानें पिणें सोडलें आहे. वांद्र्याच्या माउंट कार्मेल देवळांत फादर जो परेरा ह्यांनीं 1981 त कृपा फाउंडेशन सुरू केलें, तें अशाच माणसांसाठीं. त्यांचा लढा एका दिवसापुरता असतो, आणि दुसरे दिवशीं तो पुन्हां आरंभापासून सुरू होतो. सणाच्या घरीं असा मनुष्य रिकाम्या हातानें कोपऱ्यांत उभा राहतो. "एकानें काय होतें" असें म्हणत कोणी आग्रह करतो. आणि कित्येक महिन्यांचें तप एका घोटांत बुडतें. आग्रह हें आपल्याकडे आतिथ्याचें लक्षण मानितात. ह्या एका बाबतींत तें निर्दयपणाचें लक्षण होय. त्यास कांहीं न विचारतां दुसऱ्या बरणींतील भरलेला पेला त्याच्या हातीं द्यावा. हातांत पेला असलेल्यास सहसा कोणी आग्रह करीत नाहीं.

वेदीवरील द्राक्षारसाविषयीं एक शब्द सांगणें अवश्य आहे. तेथें द्राक्षाचाच, शुद्ध व न बिघडलेला रस लागतो. जांभळाचा किंवा बीटाचा चालत नाहीं, फळें घातलेला तर मुळींच नाहीं. मेजावरील प्याला मेजावर आणि वेदीवरील वेदीवर, हा भेद मुलांस लहानपणींच सांगावा. संत पौलानें तिमथ्यास पोटासाठीं द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला, ह्याची आठवण पुष्कळ सज्जन आम्हांस वारंवार करून देतात. त्यांत "थोडा" असाही एक शब्द आहे, त्याची आठवण आम्ही त्यांस करून देतों.

काना गांवच्या लग्नांत सहा दगडी रांजणांतील पाण्याचा द्राक्षारस झाला, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या घरीं काय उणें पडलें, हें प्रथम कोणाच्या ध्यानांत आलें? पवित्र मातेच्या. भोजनकारभाऱ्यास त्याचा पत्ताही नव्हता. भरलेल्या मंडपांत कोणाचा हात रिकामा आहे हें पाहणारी दृष्टि, हेंच खरें आतिथ्य. भगिनींनो, ती दृष्टि आपल्या प्रत्येकीपाशीं आहे. येत्या सणास दोन बरण्या भरा, आणि पहिला पेला दुसऱ्या बरणींतून काढा. परमेश्वर आपल्या घरांस व आपल्या मेजांस आशीर्वाद देवो.