न आलेल्या पेशंटची नोंद

हॉस्पिटलच्या दारात ‘एनएबीएच मानांकित’ अशी पाटी तुम्ही पाहिली असेल. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचे एक मंडळ हे मानांकन देते. ती पाटी लागण्याआधी आतमध्ये, विशेषतः कॅन्सर विभागात, कसली तयारी चालते, ते आज सांगणार आहे. माझी बरीचशी नोकरी याच तयारीत गेली आहे.

या सगळ्याच्या मुळाशी बॉस्टनचे एक सर्जन आहेत, अर्नेस्ट कॉडमन. त्यांचा आग्रह साधा होता. ऑपरेशन केलेला पेशंट वर्षभराने पुन्हा पाहा. तो बरा आहे का ते लिहा. नसेल तर का नाही, तेही लिहा. सहकाऱ्यांना हे रुचले नाही. पण १९१३ साली स्थापन झालेल्या अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने हॉस्पिटलांची तपासणी हाती घेतली. अटी एका पानात मावतील इतक्याच होत्या: प्रत्येक पेशंटचे पूर्ण केस पेपर, लॅबोरेटरी आणि एक्स-रेची सोय, आणि डॉक्टरांनी ठरावीक काळाने एकत्र बसून आपल्याच कामाची चिकित्सा करणे. १९१८-१९ मध्ये शंभर किंवा त्याहून जास्त खाटांची ६९२ हॉस्पिटले तपासली. उतरली फक्त ८९. नापासांत इतकी नामांकित नावे होती की ती यादी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकली, असे सांगतात. याच संस्थेने १९२२ मध्ये कॅन्सरसाठी वेगळी समिती नेमली.

आता आपल्याकडे या. तपासणीला आलेले असेसर बहुधा एखादी फाइल उचलतात आणि तिचा माग काढत जातात. समजा, स्तनात गाठ असलेल्या एका बाईंची फाइल आहे. गाठीच्या तुकड्याचा, म्हणजे बायोप्सीचा, रिपोर्ट उपचारांच्या आधीचा आहे का? आजार कोणत्या स्टेजला होता, ते लिहिले आहे का? सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून निर्णय झाला का, की ज्याच्याकडे बाई आधी पोचल्या त्यानेच ठरवले? संमतिपत्र त्यांना वाचता येईल अशा भाषेत होते का?

मग ते केमोच्या खोलीत जातात. तिथे काय दिसायला हवे? सिस्टर आजचे वजन आज करते, मागच्या खेपेचे उतरवून घेत नाही. उंची आणि वजनावरून डोस ठरतो, आणि या आजारात माणूस दोन खेपांमध्येही झटकतो. दुसरी सिस्टर तोच हिशेब स्वतंत्रपणे मांडते. बाईंना नाव विचारतात, हातातला पट्टा पाहतात, मगच सलाईन जोडतात. विन्क्रिस्टिन नावाचे एक औषध शिरेतून दिले तर उपचार आहे. चुकून मणक्यातून गेले तर पेशंट जवळजवळ हमखास दगावतो. म्हणून ते सिरिंजमध्ये भरायचेच नाही, छोट्या सलाईनच्या पिशवीत द्यायचे, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये दिला. पिशवी मणक्याला जोडायचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. चांगली पद्धत अशी असते: दमलेल्या माणसाच्या हातूनही चूक होऊ देत नाही.

असेसर झाडूवाल्या मावशींनाही विचारतात, केमोचे औषध फरशीवर सांडले तर काय कराल? मावशींनी हातमोज्यांचा संच कुठे ठेवला आहे ते दाखवले, तर तयारी झाली. भिंतीवर फक्त तक्ता असला, तर नाही.

एवढे सगळे जमले तरी एक प्रश्न उरतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत कठीण. फाइलमध्ये शेवटची नोंद असते: ‘तिसऱ्या केमोला आल्या नाहीत.’ पुढे कोरे पान. गाठ विरघळली, म्हणजे आजार बरा झाला, असे वाटले असेल. सुगीचे दिवस असतील, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडत असेल. कोणी झाडपाल्याचे औषध सांगितले असेल. सरकारी योजनेतून उपचार फुकट झाले, तरी या अडचणी सुटत नाहीत. फोन लावावा तर नंबर पुतण्याचा, तोही बंद.

म्हणून मी आग्रहाने सांगते की मानांकनाची तयारी नाव नोंदवण्याच्या खिडकीवर सुरू करा. दोन नंबर घ्या. गावच्या आशाताईंचे नाव विचारा. आज कोण यायचे होते आणि आले नाही, त्यांची यादी संध्याकाळी काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत कॅन्सरची नोंदणी सुरू झाली, ती देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. पेशंट दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हते. तेव्हा कार्यकर्ते गावोगाव गेले, लक्षणे समजावून सांगितली, लोकांशी बोलले. जे चार दशकांपूर्वी बार्शीला जमले, ते फोन खिशात असताना आपल्याला जमायला हवे.

सिस्टर विचारतात, पेशंट बघू की रजिस्टर लिहू? तक्रार रास्त आहे. हे काम वेगळ्या माणसाचे आहे. त्यासाठी पद मंजूर करा, पगार द्या. ते केले नाही की तपासणीच्या आदल्या रात्री मागच्या तारखांच्या सह्या सुरू होतात. अशा सह्यांनी पाटी मिळेल, पेशंटला काहीही मिळणार नाही.

तुमच्याकडूनही थोडी मदत हवी. फाइल आणि सगळे रिपोर्ट एका पिशवीत जपून ठेवा. डॉक्टरांना स्टेज विचारा, तो तुमचा हक्क आहे. नंबर बदलला तर कळवा. आणि उपचार थांबवावेसे वाटले, तर घरी बसून ठरवू नका. एक फोन करा, अडचण सांगा. पुष्कळदा तारीख बदलून, डोस बदलून मार्ग निघतो. आणि फोन आमच्याकडून आला, तर तो पैशांसाठी नाही हे ध्यानात ठेवून उचला.