पसंतीची यादी भरताना

(नंदुरबार जिल्ह्यातील वसतिगृहात, बारावी विज्ञानाच्या मुलामुलींचे पालक आणि मंडळीतील स्वयंसेवक यांच्यापुढे केलेले भाषण)

पहाटेची एसटी धरून डोंगरातून खाली आलेल्या आईवडिलांनो,

सीईटीचा निकाल लागला की पुष्कळांना वाटते, आता काम झाले. पण इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाला त्यानंतर संगणकावर कॉलेजांची यादी भरावी लागते, आपल्या पसंतीच्या क्रमाने. वर्षभराचा अभ्यास त्या एका यादीवर कमी-जास्त होतो. म्हणून आज फक्त तेवढेच बोलतो.

यादीत नुसते कॉलेज लिहायचे नसते. कॉलेज आणि शाखा मिळून एक ओळ. जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात सिव्हिल, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल तिन्ही चालणार असतील तर त्या तीन ओळी झाल्या. संगणक गुणवत्ता क्रमाप्रमाणे एकेका मुलाची यादी उघडतो, वरून खाली वाचतो आणि त्याच्या वाट्याची जागा जिथे शिल्लक दिसेल तिथे थांबतो. वर मोठे नाव लिहिले म्हणून खालचे कॉलेज रुसत नाही. तेव्हा पुण्याचे सीओईपी किंवा मुंबईचे व्हीजेटीआय मनात असेल तर ते बेधडक सर्वांत वर लिहावे. “आपल्या पोरीला कुठले मिळणार” म्हणून घरीच ते नाव खोडू नका.

नुकसान होते ते यादी लवकर संपल्यामुळे. मला माहीत असलेल्या एका मुलीने सातच ओळी भरल्या, सगळ्या पुण्या-मुंबईच्या. एकाही फेरीत नंबर लागला नाही. शेवटी एका खासगी कॉलेजात व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला. आदिवासी विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती शासनाच्या प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून, आलेल्यांना मिळते. कोट्यातून आलेल्यांना नाही. वडिलांनी बैलजोडी विकून पहिल्या वर्षाची फी भरली. दुसऱ्या वर्षी विकायला काही उरले नव्हते. मुलगी हुशार होती, गुणही बरे होते. यादी तेवढी आखूड होती.

म्हणून यादीचे तीन भाग मनात धरा. वरचा भाग उंच उडीचा. मधला, जिथे गेल्या वर्षी आपल्याइतक्याच पर्सेंटाइलवर प्रवेश मिळाले त्या कॉलेजांचा. हा भाग सर्वांत लांब असावा. खालचा हमखासचा, जिथली गेल्या वर्षीची शेवटची पर्सेंटाइल आपल्यापेक्षा बरीच खाली आहे. कटऑफ दरवर्षी हलते, म्हणून हमखास म्हणून दोनच नावे पुरत नाहीत, आठ-दहा हवीत. जागेची चिंता नको, फॉर्ममध्ये तीनशे ओळींपर्यंत सोय असते.

कटऑफ बघताना आपला रकाना बघा. सीईटी सेलच्या तक्त्यात ‘जीएसटी’ने सुरू होणारे रकाने दिसतात. एक पालक घाबरून विचारत होते, कॉलेजवरही कर लागतो का? कर नव्हे, ‘एसटी’ म्हणजे अनुसूचित जमाती. मुलींसाठी ‘एलएसटी’चा रकाना वेगळा असतो, तोही पाहावा. खुल्या गटाचा आकडा वाचून निराश होऊन परतलेली मुले मी पाहिली आहेत.

आता एक सावधगिरी. २०२५-२६ च्या प्रवेशात नियम असा होता: पहिल्या फेरीत यादीतले पहिलेच नाव मिळाले, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादे मिळाले, तर ती जागा आपोआप कायम. पुढच्या फेरीत बदलता येत नाही. म्हणून ‘राहू दे, हमखास मिळेल’ असे नाव वर टाकू नका. क्रम आवडीचाच ठेवा आणि वरच्या सहा ओळींवर घरात नीट बोला. नियम दरवर्षी नव्याने येतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचलीच पाहिजे.

हमखासच्या यादीत असे एकही नाव नको, जिथे मिळाले तरी मूल जाणार नाही. शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्क भागते, पण राहणे-जेवणे? शासकीय आदिवासी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वयं योजना आहे. मुंबई-पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये. ते मुलाच्या खात्यावर येतात, पण हप्ता यायला वेळ लागतो आणि खाणावळवाला थांबत नाही. ताप्ती लाइनच्या गाडीने नंदुरबारहून थेट जळगावला जाता येते, घरी अडचण आली तर मूल त्याच दिवशी परत येऊ शकते. हाही हिशेब यादीत धरावा, विशेषतः पहिल्यांदा घर सोडणाऱ्यासाठी.

जात वैधता प्रमाणपत्राचे काम मात्र अकरावीतच सुरू करा. वडिलांची किंवा चुलत्यांची वैधता असेल तर ती जोडा. ते वेळेवर हातात नसेल तर चांगली यादीही फुकट.

मंडळीतल्या तरुणांना माझी एक विनंती. आपली बरीच मुले हा फॉर्म बाजारातल्या संगणक केंद्रात भरतात. एका केंद्रवाल्याने मुलाच्या फॉर्मवर स्वतःचाच मोबाईल नंबर टाकला होता. ओटीपी त्याच्याकडे, आणि यादीत वर कुठली कॉलेजे आली ते मुलाला छापील प्रत पाहून कळले. तुमच्यातल्या ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांनी फॉर्मच्या दिवसांत दोन संध्याकाळी वसतिगृहात यावे. एका मुलाजवळ एकाने बसायचे. यादी आधी वहीत लिहून घ्यायची, आईवडिलांना त्यांच्या बोलीत, भिलीत किंवा पावरीत, वाचून दाखवायची, आणि मगच फॉर्म लॉक करायचा. नंबर मुलाचा किंवा घरातल्याचाच टाकायचा. ज्यांना येता येईल त्यांनी आज जाण्यापूर्वी अधीक्षकांकडे नाव देऊन ठेवावे.